टॉर्गर्सनबाईंचा खुबा आणि लाइलचं इंजिन

काटा पासष्टवर

"या वर्षी इंजिन फुटणार नाही," लाइल हॉगन म्हणाला. "ऑइल प्रेशर पासष्ट राहणार. लिहून घ्या."

हे तो स्वतःच्या गॅरेजात म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो म्हणाला चर्चच्या तळघरात, रविवारी, कॉफीच्या रांगेत, आणि रांगेत त्याच्या मागे आर्डिस उभी होती. आर्डिस चर्चचं साप्ताहिक पत्रक काढते. 'लिहून घ्या' असं कुणी म्हटलं की ती लिहून घेते.

पुढच्या रविवारचं पत्रक:

या आठवड्यात प्रार्थना यांच्यासाठी:
टॉर्गर्सनबाई (खुब्याचं ऑपरेशन, दुसऱ्यांदा)
रस्त्यांवरचा बर्फ काढणारे कर्मचारी
लाइल हॉगनचं इंजिन (पासष्ट)

लाइलने ते वाचलं आणि त्याच्या घशात डोनट अडकला. समोर दीडशे माणसं डोळे मिटून, हात जोडून, त्याच्या ऑइल प्रेशरसाठी देवाला गळ घालत होती. त्याच्या लग्नालासुद्धा इतकी माणसं नव्हती.

काटा शून्यावर (हा गेल्या वर्षीचा)

टामरॅक तळं डिसेंबरात गोठतं आणि फेब्रुवारीत त्यावर गाड्यांची शर्यत होते. गाडी मेविस चालवते. मेविस म्हणजे लाइलची बायको. इंजिन लाइल बांधतो. अठरा हिवाळे हे असंच चाललंय.

गेल्या वर्षी चौथ्या फेरीत मेविसच्या समोरचा ऑइल प्रेशरचा काटा चाळीसवर आला, मग वीसवर, मग पाचवर. मग भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज आला, फक्त हे कपाट ताशी नव्वद मैलांनी पळत होतं. एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, त्याने क्षणभर तळं पाहिलं आणि तो बर्फावर पडला. गाडी तीन गिरक्या घेऊन थांबली. मेविस उतरली, तिने हेल्मेट काढलं, आणि ती एकच शब्द बोलली.

"लाइल."

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं धड, तिच्या वडिलांचा होता. आयनर ब्रेकी, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं इंजिनं बांधली, एकही फुटलं नाही. त्यांनी तो फुटका ब्लॉक घरी नेला, धुतला आणि त्यात जिरेनियम लावले. आठ सिलिंडर, आठ रोपं. उन्हाळ्यात तो ओसरीवर असतो. हिवाळ्यात थंडीने रोपं मरतील म्हणून जेवणाच्या टेबलाशेजारी असतो. दर बुधवारी लाइल-मेविस तिथे जेवायला जातात. लाइलची खुर्ची ठरलेली आहे. ती बरोबर रॉडने पाडलेल्या भोकासमोर येते. भोकातून एक पान बाहेर डोकावतं.

मग ऑक्टोबरात आयनरनी गॅरेजच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली दुसरा ब्लॉक होता, चांदीसारखा चकाकणारा. आयनर पाच वाक्यं बोलले. त्यांच्या मानाने हे भाषण झालं.

"हा शेवटचा. लोखंडाचा नाही, अख्खा ॲल्युमिनियमचा. बेअरिंगची फट अडीच थाउ ठेव. कमी नाही, जास्त नाही. हा फुटला तर पुढच्या वर्षीपासून मेविसचं इंजिन व्हर्लिन बांधेल."

व्हर्लिन मेविसचा चुलतभाऊ. तो वाटच बघत होता. त्याने नवा पान्यांचा संचसुद्धा घेतला होता.

लाइलला व्हर्लिनचं काही वाटत नव्हतं. त्याला भीती वेगळीच होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो आणि मेविस गॅरेजात उभे असतात. ती बॅटरीचा उजेड धरते, तो बोल्ट कसतो. वर्षभरात जे बोलायचं ते दोघं तिथे बोलतात. मुलं शिकायला बाहेर गेली तेव्हा ती तिथेच रडली होती, बॅटरी न हलवता. हे सगळं व्हर्लिनकडे गेलं तर लाइलने हिवाळ्यात करायचं काय? चर्चमध्ये कॉफीच्या किटल्या भरायच्या?

काटा अजून डब्यात. फट: एक

थाउ म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण लाइलचं आयुष्य त्यावर टांगलंय. एका इंचाचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे थाउ. तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण तीन थाउ भरतो. इंजिनात क्रँक नावाचा एक जाडजूड दांडा फिरतो, तो बेअरिंगच्या कड्यात फिरतो, आणि दांडा व कडं यांच्यामध्ये केसाहून कमी फट असते. त्या फटीत तेल. तेल आहे तोवर लोखंड लोखंडाला शिवत नाही. तेल गेलं की जिरेनियम.

फट मोठी झाली तर तेल भसाभसा सांडतं आणि प्रेशर पडतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, बोट काढलं की पायाशी गळतं, तसं. गेल्या वर्षी लाइलने फट चार थाउ ठेवली होती. म्हणून या वर्षी त्याच्या मनात एकच गोष्ट होती: बोट दाबून धरायचं.

आयनर म्हणाले अडीच. लाइलच्या मनात आलं, अडीचपेक्षा दोन सुरक्षित. रात्रभर कूस बदलल्यावर वाटलं, दोनपेक्षा दीड. पत्रकात नाव आलं त्या दुपारी त्याने एक थाउ फट राहील अशी जाड बेअरिंग मागवली.

बाकी काम गॅरेजात होतं, पण तिथे बोटं गोठतात म्हणून इंजिनाची आतली बारीक जुळणी दरवर्षी स्वयंपाकघरातच होते. मेविसला त्याची सवय आहे, ती सिलिंडरच्या पलीकडून कांदा चिरते. लाइलने प्रत्येक बेअरिंगमध्ये मेणाचा बारीक हिरवा धागा ठेवला, बोल्ट कसले, पुन्हा उघडले, आणि धागा किती चेपला ते मोजपट्टीवर पाहिलं. एक. एक. एक. एक. एक. पाचही ठिकाणी. क्रँक एका बोटाने फिरत होता, घड्याळाच्या काट्यासारखा.

तेवढ्यात आयनर आले. बूट दाराशी काढून, मोज्यांवर, सावकाश इंजिनापाशी गेले आणि त्यांनी एका बोटाने क्रँक फिरवला.

"हं," आयनर म्हणाले.

मेविसने सुरी खाली ठेवली. तिच्या लग्नातसुद्धा त्यांनी इतकी तारीफ केली नव्हती.

"फट किती?"

या जागी गोष्टीने जरा थांबायला हवं, कारण लाइल थांबला. वीस वर्षांत सासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची हेच त्याचं ठरलं नव्हतं. आयनर म्हणावं तर उद्धटपणा, बाबा म्हणावं तर जीभ वळत नाही. म्हणून तो आधी खाकरतो आणि मग बोलतो. तो खाकरला.

"अडीच," लाइल म्हणाला.

काटा हललाच नाही

लाइलच्या वहीतलं एक पान, जसंच्या तसं:

सोमवार, सकाळ. इंजिन गाडीत बसवलं. गॅरेज. बाहेर शून्याखाली वीस. पान्याने क्रँक फिरवून पाहिला. फिरत नाही.
सोमवार, दहा मिनिटांनी. फिरत नाही.
सोमवार, दुपार. पान्यावर उभा राहिलो. फिरत नाही. पडलो.
सोमवार, संध्याकाळ. इंजिन काढून स्वयंपाकघरात. एका बोटाने फिरतंय.
मंगळवार. सगळं उघडलं. काही सापडलं नाही. मेविसचा कांद्याचा एक काप सापडला, पण तो बाहेर होता.
मंगळवार, दुपार. पुन्हा गॅरेज. तासभर फिरलं. मग जड. मग फिरत नाही.
मंगळवार, संध्याकाळ. स्वयंपाकघर. फिरतंय.
बुधवार. हे इंजिन मला ओळखतं.

"त्याला घरात बरं वाटतं," मेविस म्हणाली. "तुझ्यासारखंच."

"चेष्टा करू नकोस. माझे हात बघ कसे सोलवटलेत."

मेविसने हात पाहिले नाहीत. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने अंगठी काढून टेबलावर ठेवली. लाइलने पाना खाली ठेवला.

"मेविस, एवढ्यावरून?"

"गप्प बस आणि ऐक. थंडीत ही अंगठी सैल होते. का? कारण थंडीने माझं बोट बारीक होतं. तुझ्या इंजिनात उलटं आहे. तिथे थंडीने अंगठी आखडते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, क्रँक पोलादाचा. ॲल्युमिनियम थंडीत पोलादाच्या दुप्पट आखडतं. अंगठीने बोट पकडलंय, लाइल."

लाइलने आजवर लोखंडाचीच इंजिनं बांधली होती. लोखंड बिचारं ब्लॉक काय आणि क्रँक काय, जवळपास सारखंच आखडतं, कुणाला कळतही नाही. त्याने कागद घेतला आणि आकडे मांडले. घरातल्या उबेतून शून्याखाली वीसवर जाताना फट जवळजवळ दीड थाउने कमी होत होती. त्याच्याकडे होतीच एक.

"पण बाबांनी अडीच सांगितली ती याचसाठी," मेविस म्हणाली. "अडीचातून दीड गेली तरी एक उरते. मग अडकलं कसं?"

लाइलने कागदाची घडी घातली. मग घडीची घडी घातली.

"लाइल. फट किती ठेवलीस?"

"एक."

मेविसने फ्रिजला पाठ टेकली.

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"तू ऐकलंस की."

"बेअरिंग मागवली तर तीन दिवसांत येतात. शर्यत रविवारी. आज जेवायला जातोय आपण. आज सांग त्यांना."

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"माझे वडील, पण तुझी फट," मेविस म्हणाली आणि अंगठी पुन्हा घातली.

जेवण

बटाट्याचा थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला खिमा, म्हणजे हॉटडिश. मटार. पाव. समोर भोक. भोकातलं पान गेल्या बुधवारपेक्षा लांब झालं होतं.

लाइल खाकरला. आयनरनी वर पाहिलं. मेविसने काटा-चमचा खाली ठेवला.

"मला एक सांगायचं होतं," लाइल म्हणाला.

"हं."

"हे मटार फार छान झालेत."

"विकतच्या डब्यातले आहेत," आयनर म्हणाले.

मेविसने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. लाइल पुन्हा खाकरला.

"आणखी एक. इंजिनाबद्दल."

"मलाही इंजिनाबद्दलच सांगायचंय," आयनर म्हणाले. त्यांनी हातरुमालाने ओठ पुसले. "मी पास्टरना सांगितलंय. गेल्या आठवड्यात स्वतः गेलो. म्हटलं, पोराने या वेळी नीट काम केलंय. मी हाताने फिरवून पाहिलंय. अडीच थाउ. म्हटलं, रविवारी तळ्यावर त्याच्या इंजिनासाठी खास प्रार्थना करा."

लाइलला आयनर पोर म्हणाले, हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मेविसला वाटलं, आता बोलेल. लाइलने मटार आणखी वाढून घेतले.

घर आलं तेव्हा लाइल म्हणाला, "गरम ठेवायचं."

"काय?"

"इंजिन. गरम आहे तोवर त्याच्याइतकं चांगलं इंजिन या जिल्ह्यात नाही. म्हणजे थंड होऊ द्यायचं नाही. बस."

"भर तळ्यावर, लाइल? फेब्रुवारीत?"

"चार तासांचा तर प्रश्न आहे."

काटा पासष्टवर, खरोखर

रविवारी सकाळी इंजिनाला तीन हीटर जोडले होते. एक पाण्याला, एक तेलाच्या पात्राला, आणि एक असाच, धीरासाठी. गॅरेजात मेविसने बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या हाकेला उठलं. थोडं तापल्यावर काटा आला पासष्टवर आणि तिथे बसला, जणू रंगाने काढलाय. लाइलने तो फोटोत टिपला. पुढे दिवसभर त्याला धीर द्यायला तेवढाच फोटो होता.

तळ्यावर पोचले. शून्याखाली बावीस, वर वारा. नियम माहीत होते: रांगेत उभं राहिलं की इंजिन बंद, बॉनेट उघडं. आधी तपासणी, मग सुरुवातीच्या जागांच्या चिठ्ठ्या, मग प्रार्थना, मग शर्यत. लाइलने जनरेटर लावला, हीटर जोडले आणि इंजिनावर गोधडी घातली. गोधडी जाड होती, निळ्या-पांढऱ्या चांदण्यांची, घरात सोफ्यावर घडी करून ठेवलेली. ती तिथे का होती हे विचारायला त्याला वेळ नव्हता.

सगळं ठीक चाललं होतं. मग आर्डिस आली, हातात कॉफीचा थर्मास आणि वही.

"लाइल, पासष्ट का?"

"पासष्ट," लाइल म्हणाला आणि गोधडीच्या आड उभा राहिला.

"तुझ्या मागे काय आहे?"

"काही नाही. गोधडी."

"माहितीये मला गोधडी. माझीच आहे. चर्चच्या लिलावाची आहे. मेविसकडे काठ शिवायला दिली होती." आर्डिसने थर्मास बर्फावर ठेवला. "अकरा बायकांनी चार महिने शिवलीय ती. तू ती तेलकट यंत्रावर घातलीस?"

"आर्डिस, पाच मिनिटं. हात जोडतो."

आर्डिसने पाच सेकंदही दिले नाहीत. गोधडी तिने एका झटक्यात ओढली, झटकली, छातीशी धरली आणि ती निघून गेली. उघड्या इंजिनातून वाफेची एक रेघ वर गेली. लाइलला तो त्याचा आत्माच वाटला.

तपासणीला पन्नास मिनिटं लागली. मग चिठ्ठ्या. कुणाची तरी चिठ्ठी वाऱ्याने उडाली, ती शोधायला आठ माणसं तळ्यावर पांगली. लाइल दर दोन मिनिटांनी हातमोजा काढून ब्लॉकला हात लावत होता, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. फक्त त्याला हवा होता ताप. हीटर चालू होते. अजून होतं कोमट. अजून होती आशा.

मग पास्टर नुटसन बर्फगाडीवरून उतरले.

"सगळे जनरेटर बंद करा, मित्रांनो," पास्टर म्हणाले. "देवाशी बोलताना घरघर नको."

तळ्यावरचे सगळे जनरेटर एकेक करून गप्प झाले. लाइलचा शेवटचा होता. आयनर त्याच्याकडे बघत होते. त्याने बंद केला.

"पास्टर," लाइल हळूच म्हणाला, "थोडक्यात करा हं."

"अरे, घाबरू नकोस," पास्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी मी खास तयारी केलीय." त्यांनी कोटातून कागद काढले. कागद चार होते. पाठपोट.

काटा? कुठला काटा

प्रार्थना सुरू झाली. पास्टरनी आधी तळ्याचे आभार मानले. मग बर्फाच्या जाडीचे. मग थंडीचे, जिच्यामुळे बर्फ आहे. लाइलने डोळे मिटले होते, पण त्याचा एक हात मागे, ब्लॉकवर होता. कोमट.

पास्टर टॉर्गर्सनबाईंच्या खुब्याकडे वळले. वैद्यकशास्त्राने नवा सांधा कसा घट्ट बसवला याबद्दल ते हळवे होऊन बोलले. 'घट्ट' या शब्दाला लाइलने दुसरा हातही ब्लॉकवर ठेवला. ब्लॉक आता जेमतेम कोमट.

"आणि आता," पास्टर म्हणाले, "आपल्या लाइलच्या इंजिनासाठी. या, सगळ्यांनी त्यावर हात ठेवूया. हातमोजे काढा. मधे लोकर नको."

वीस-पंचवीस माणसं पुढे सरकली. वीस-पंचवीस गारठलेले पंजे इंजिनावर पडले. इंजिनात जी काही ऊब उरली होती ती या भल्या माणसांनी प्रेमाने, निःशब्दपणे, बोटांनी शोषून घेतली. टॉर्गर्सनबाई कुबडीवर टेकत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"आहा," त्या म्हणाल्या, "काय छान ऊब आहे."

"बाई, थोडी राहू द्या," लाइल पुटपुटला. लोकांना वाटलं तो प्रार्थना करतोय.

पास्टर तिसऱ्या कागदावर होते. आयनरचाही हात ब्लॉकवर होता, मोठा, गाठी पडलेला, अगदी लाइलच्या हाताशेजारी. म्हातारा डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. अठरा हिवाळ्यांत लाइलला इतकी भीती वाटली नव्हती. इंजिन फुटण्याची भीती त्याच्या ओळखीची होती. ही नवी होती. हा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून उभा होता, आणि त्याच्या हाताखालचा ब्लॉक बर्फ झाला होता.

"आमेन," पास्टर म्हणाले.

मेविस गाडीत बसली. तिने लाइलकडे पाहिलं. बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्.

बाकीच्या बारा गाड्या सुरू झाल्या, निघाल्या, वळणावर बर्फ उडवत दिसेनाशा झाल्या. मेविसच्या समोरचा काटा शून्यावर होता. तिने हेल्मेट काढलं. या वेळी ती 'लाइल' असंसुद्धा म्हणाली नाही.

आयनरनी लाइलच्या पेटीतून पाना घेतला, क्रँकच्या बोल्टवर लावला आणि हलकेच दाबला. जोर नाही केला. डॉक्टर नाडी बघतो तसा. मग पाना काढला, पुसला आणि जागेवर ठेवला.

"फट किती?"

लाइलने आजूबाजूला पाहिलं. पास्टर, आर्डिस, गोधडी, टॉर्गर्सनबाई, नव्या पान्यांसह आलेला व्हर्लिन, सगळे होते. तो खाकरला.

"एक."

"एक काय?"

"एक थाउ. मी खोटं बोललो. गेल्या वर्षीचं पुन्हा व्हायला नको होतं. मला वाटलं, जितकी कमी तितकं..." त्याने हातमोजा पिळला. "ते भोक रोज दिसतं मला. बुधवारीच नाही. रोज."

आयनर गाडीच्या मागे गेले. मग म्हणाले, "ढकला."

पंचवीस माणसांनी गाडी ढकलत बर्फावर उभारलेल्या पास्टरच्या मासेमारीच्या खोपटापाशी नेली आणि तिचं नाक दारातून आत घातलं. खोपटात लाकडाची शेगडी पेटलेली होती. दीड तास सगळे तिथे बसून होते, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, कॉफी पीत. आर्डिसने शेवटी गोधडीसुद्धा आणून पांघरली. "आता घातलीच होतीस," ती म्हणाली. आयनर अधूनमधून पाना लावून बघत होते. चौथ्या वेळेला क्रँक फिरला.

बाहेर काढलं तेव्हा शर्यत कधीच संपली होती. मेविसने बटण दाबलं आणि इंजिन गरजलं. ती एकटी निघाली. रिकाम्या तळ्यावर, तिरप्या उन्हात, तिने चार फेऱ्या मारल्या. गेल्या वर्षी चौथ्या फेरीत जिथे आवाज झाला होता त्या वळणावर लाइलने कानांवर हात ठेवले. काही झालं नाही. परत आली तेव्हा तिने खिडकीतून बोटांनी दाखवलं. सहा. पाच.

लाइल सासऱ्यांच्या शेजारी उभा होता.

"गरम असताना तुझं बरोबर," आयनर म्हणाले. "उन्हाळ्यात ही गाडी कुणाला ऐकणार नाही."

"खरंच?"

"फक्त उन्हाळ्यात तळं पाण्याचं असतं."

लाइलने मान खाली घातली. मग विचारायचं ते विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी व्हर्लिन?"

आयनरनी व्हर्लिनकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मी काय म्हटलं होतं?"

"फुटलं तर."

"फुटलं?"

"नाही."

"मग." आयनरनी टोपी कानांवर ओढली. "अडीच ठेव. आणि मोजायला मी येईन. गॅरेजात. थंडीत."

"हो, बाबा," लाइल म्हणाला. तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं. आयनरनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. ते बर्फाकडे बघत राहिले.

इतका आनंद पास्टर नुटसनना आवरला नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मित्रांनो, हे आभार मानल्याशिवाय कसं जायचं? मेविस, इंजिन बंद कर बाई. देवाशी बोलताना घरघर नको."

"मेविस, बंद करू नकोस," लाइल ओरडत धावला. पण बर्फावर धावून कुणी कुठे वेळेवर पोचलंय?

पुढच्या रविवारचं पत्रक:

आभार:
टॉर्गर्सनबाई आता कुबडीशिवाय चालतात.
लाइल हॉगनचं इंजिन फुटलं नाही. ते तळ्यावरच आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी मेविसला फोन करावा.
चांदण्यांच्या गोधडीचा लिलाव धुलाईनंतर होईल.
प्रार्थना चालू ठेवाव्यात. थोडक्यात.